भूमिगत अनुस्वार

"लाव हात, लाव. कागद हाये, लाजाळू नाई."

असं म्हणून आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल काका एखादं जुनं पत्रक समोरच्याच्या हातात द्यायचे आणि लगेच स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवायचे. असं का, ते मला उशिरा समजलं. हात मोकळे राहिले असते, तर त्यांनी ते पत्रक परत ओढून घेतलं असतं.

ग्रंथपाल तुम्हीही पाहिले असतील. पुस्तक मागितलं की आधी आपले हात आणि मग आपली लायकी बघणारे. आमचे काकाही पूर्वी तसेच होते म्हणतात. आर्वी रोडवरच्या आमच्या गावातल्या वाचनालयात मागची एक खोली जुनी पत्रकं, नाटकांच्या जाहिराती आणि सभांची निमंत्रणं यांनी भरलेली. ती खोली रिकामी करून स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अभ्यासिका द्यायची, असं वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मनात आलं. "ज्याला कोणी हातही लावत नाही, ती रद्दीच ना?" ते म्हणाले. काकांनी हे वाक्य शब्दशः घेतलं. हात लावणारी माणसं आणायची!

त्यासाठी वर्ध्याच्या एका कॉलेजातलं, लेझरनं प्लायवूड कापणारं मशीन दर शनिवारी टेम्पोतून येऊ लागलं. लोकांनी कपाटातलं पत्रक निवडायचं, त्यातलं अक्षर किंवा चित्र स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर गिरवायचं आणि लाकडात कापून घरी न्यायचं. पहिल्याच शनिवारी एका ताईंनी नाटकाच्या जाहिरातीतल्या मोराची, गरम पातेल्याखाली ठेवायची चकती केली.

मी खवळले. खवळणं आमच्या घरचंच. वडील दर मोर्च्याला, दर जयंतीला पत्रक काढत. मी बाराखडीच्या आधी उद्गारचिन्ह शिकले. 'वारसा पातेल्याखाली!!!' असं पत्रक छापून मी वाचनालयात गेले. काकांनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं, त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला आणि कपाटात ठेवलं.

"हे काय करता?"

"जमा केलं. पुढं कोनी याचंबी काई बनवीन. उद्गारचिन्हं मस्त हायेत तुही. खुंट्या होतीन."

तेव्हापासून मी पत्रकबाई झाले. दारात दिसले की, "काय पत्रकबाई, आज कोनाचा निषेध?"

एकदा एका आजोबांच्या हातात पत्रक घडीवरच फाटलं. आजोबा कावरेबावरे झाले. "काई नाई होत, बाबाजी," काका म्हणाले, बाहेर गेले आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिले. त्या दिवशी मी निषेध केला नाही. पुढच्या शनिवारी मीच मशीनसमोर रांगेत होते. याला मी भूमिका बदलणं म्हणत नाही. मी ती व्यापक केली.

समितीची बैठक ठरली. खोलीचा निर्णय त्यातच होणार होता. दारावर टांगायला लाकडी घोषणा हवी म्हणून मी 'संग्रह वाचवा' ही अक्षरं कॉम्प्युटरवर स्वतः काढली. शिरोरेषा मुद्दाम काढून टाकली. अक्षरांच्या डोक्यावर तरी कुणाची सत्ता का असावी? तिथं जमलेल्यांना मी हे समजावूनही सांगितलं.

मशीन थांबलं. झाकण उघडलं. आत काड्यांचा ढीग होता. रेघच नाही म्हटल्यावर प्रत्येक काना सुटा झालेला, 'ग्र'चे दोन तुकडे, आणि 'सं'वरचा अनुस्वार जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडलेला.

काका वाकून बघत राहिले. "काऊन पत्रकबाई, संघटनेत फूट पडली वाटते?"

"अनुस्वार सापडत नाहीये," मी म्हणाले.

"भूमिगत झाला असन."

सगळे हसले. मीही हसले, पण नेहमीप्रमाणे थोडी उशिरा. मग काका कपाटातून एकामागून एक पत्रकं काढून देऊ लागले. साबणाची जाहिरात, कुस्त्यांची दंगल, कुणाच्या तरी सत्काराचं निमंत्रण. काय शोधायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी कुठल्याशा गिरणी कामगारांच्या सभेच्या पत्रकावर माझी नजर अडकली. मथळ्याची अक्षरं कुणीतरी लाकडात कोरून छापलेली. रेघ दांडगी, आणि प्रत्येक अनुस्वार बारीक देठानं त्या रेघेला जोडलेला, बोरासारखा. आम्ही तीच ठेवण गिरवली. या वेळी घोषणा एकसंध बाहेर आली.

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी ती वाचली. "वाचवा म्हणता, बरोबर. पण जिन्यावर बसून अभ्यास करतात ती पोरं कुठं बसवू?"

माझ्याकडे भाषण तयार होतं. त्यात जिना नव्हता.

"बसू द्या त्याइले खोलीत," काका म्हणाले. "कपाटं बाहेर वऱ्हांड्यात काढा. पन कुलूप नाई लावाचं. अन् मशीन शनवारी येईन."

अध्यक्ष लगेच हो म्हणाले. मी बाहेर येऊन काकांना 'तडजोडवादी' म्हटलं.

"वऱ्हांड्यात पान्याचा कूलर हाये," ते म्हणाले. "शनवार सोडला तं मागच्या खोलीत कोन येत होतं? तू अन् पाल."

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि मुलीकडे नाशिकला गेले. दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, हवापाणी काही नाही. "कोन आलतं?"

गेल्या शनिवारी मी सांगितलं, पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी कूलरखाली बाटली लावून उभी होती. उभ्या उभ्या तिनं कपाट उघडलं, हाताला आलं ते पत्रक काढलं आणि वाचायला लागली. बाटली भरून वाहू लागली, पाणी कपाटाच्या पायापर्यंत गेलं, तरी तिला पत्ता नाही.

मला वाटलं, आता विचारतील, कागद भिजला का.

"पुरं वाचलं का तिनं?"

ते मी पाहिलं नव्हतं. मी तेव्हा खाली बसून फरशी पुसत होते.