नाव बदलण्याआधी नानांना विचारा

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो. ते ड्रॉवरमधल्या जुन्या चार्जरांसारखे आपोआप साठतात आणि एकाची वायर ओढली की बाकीचे पाच-सहा गुंत्यासकट बाहेर येतात! परवा एक मित्र म्हणाला, "जळगावात बसून सॉफ्टवेअर करता, कंटाळा येत नाही?" मी म्हटलं, "बस खाली. चहा मागव."

आमचं ऑफिस एका भरीत-भाकरीच्या दुकानाच्या वर आहे. माणसं तीन: मालक महाजन सर, मी आणि तापी. तापी यावलची, केळीवाल्याची मुलगी. आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट तिने एकटीने लिहिलेली आहे. केळी पिकवायच्या थंड खोल्या असतात ना, रायपनिंग चेंबर, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. प्रत्येक खोलीला एक नाव. ही सगळी नावं जिथे राहतात त्याला पुस्तकात 'नेमिंग सर्व्हिस' म्हणतात, आम्ही म्हणतो नावघर. एखाद्या नावाखाली काही बदललं, नवीन नाव आलं, जुनं गेलं, की लगेच कळावं म्हणून त्या नावावर 'लिसनर' बसवायचा. त्याला आम्ही म्हणतो कान लावणे. झालं, एवढंच तंत्रज्ञान! पुढचं सगळं माणसांनी केलेलं आहे.

*

कान लावताना विचारावं लागतं, की कुठवर ऐकायचं? एकाच खोलीचं? एका गावाचं? की सगळ्या खानदानाचं?

सर म्हणाले, "मी मालक आहे. मला सगळं ऐकू आलं पाहिजे!"

तापीने त्यांच्या मोबाइलवर नावांच्या सगळ्या झाडाला कान लावून दिला. वर सरांची हौस म्हणून बाईच्या आवाजात घोषणाही बसवली. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सर नशिराबादला दारावर बसायला गेले. एक वयस्कर गृहस्थ वारले होते. अंगणात सतरंजी, सगळे खाली मान घालून बसलेले, कोणी बोलत नाही. त्याच वेळी इकडे तापीने एका बंद पडलेल्या खोलीची नोंद पुसली. लगेच सरांच्या खिशातून खणखणीत आवाज आला, "नाव वगळण्यात आले आहे!"

सरांना वाटलं, सतरंजीखाली शिरावं! तेवढ्यात कोपऱ्यातले एक आबा हळूच म्हणाले, "मशीनले बी समजनं भो!"

*

जे नाव अजून जन्मालाच आलेलं नाही, त्यावरही कान लावून ठेवता येतो. हे कळल्यावर सर वेडे झाले! जामनेरला आमचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. सरांनी 'जामनेर' या नावावर कान लावला आणि रोज सकाळी देवाला नमस्कार केल्यासारखे मोबाइलकडे बघू लागले.

एक दिवस घोषणा झाली, "नवीन नाव दाखल: जामनेर!" सर ओरडतच खाली गेले आणि गरम जिलेबी घेऊन आले. आम्ही खाल्ली, खालच्या भरीतवाल्याला दिली. मग तापीने बघितलं, नोंद केली कोणी? तर सकाळी सरांनीच केली होती. कान नीट लागलाय का ते बघायला!

सर म्हणाले, "जिलेबी तर खरी होती ना?"

हा किस्सा मी फोनवर धुळ्याच्या नानांना सांगितला. नाना म्हणजे आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. धुळ्याला त्यांच्या पिकवायच्या खोल्यांची रांगच आहे. आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. ते खो-खो हसले आणि म्हणाले, "आमना घरमा बी तेच चालू शे! सूनना पत्ता नही, पन तिन्हं नाव ठरी गयं!"

मी पण हसलो. तापीसुद्धा हसली. तेव्हा आम्हाला काय माहीत!

*

आता नानांचा चार नंबर. त्यांच्या खोल्यांची नावं साधी होती, खोली एक, खोली दोन, अशी. कोणा ज्योतिषाने सांगितलं, चार आकडा तुम्हाला लाभत नाही. नानांनी दारावरचा बोर्ड रंगवून घेतला, आणि कॉम्प्युटरमध्ये स्वतः बसून 'खोली चार'चं 'श्रीलक्ष्मी' केलं. नारळसुद्धा फोडला!

मे महिना. भर दुपारी श्रीलक्ष्मीचं कूलिंग बंद पडलं. अलार्म वाजायला हवा होता, पण वाजला नाही. संध्याकाळी दार उघडलं तर आतली हवा तापलेली आणि केळी हाताला लागताच गळून पडतायत, सगळा माल वाया.

नानांचा फोन आला. तो भरीतवाल्यालाही खाली ऐकू गेला! "बठ्ठा माल गया! तुमनं मशीन झोपेल व्हतं का?"

सर घाबरून पाणी प्यायला गेले. तापीने पिशवी उचलली आणि सरळ धुळ्याची एसटी पकडली. नाना तिच्यावर पोटभर ओरडले. तिने ओरडू दिलं. मग स्क्रीन त्यांच्यासमोर फिरवून म्हणाली, "नाना, अलार्मचा कान 'खोली चार'ला लावलेला होता. तुम्ही नाव बदललंत. कान अजून जुन्या नावाकडेच लागलेला आहे, आणि त्या नावाचं आता कोणी राहिलेलं नाही."

नानांनी विचारलं, "म्हणजे खोली तीच?"

"तीच."

"माल तोच, मशीन तेच. फक्त नाव बदललं?"

"फक्त नाव."

"आणि तिने आतून आरडाओरडा केला, तरी कोणाला ऐकू गेलं नाही?"

"नाही गेलं, नाना."

नानांनी तिथूनच बोर्ड रंगवणाऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर पुन्हा चार आला. तापीने प्रोग्राममध्ये एक नियम घातला: कोणतंही नाव बदलायला गेलं, की आधी स्क्रीनवर विचारणार, 'या नावावर पुढील कान लागलेले आहेत. नाव बदलायचेच आहे का?' नानांना हा प्रश्न इतका आवडला, की त्यांनी तो छापून फ्रेम करून ऑफिसात लावला!

*

त्यानंतर धुळ्याचे कान वरचेवर तुटायला लागले. नेट गेलं की कान आपोआप गळून पडतो, ते एक असतंच. पण नेट चांगलं चालू, आणि तरी कान गायब! दर वेळी नानांच्या मुलाचा, मयूरचा फोन. "मॅडम, तो कान पुन्हा निघालाय वाटतं. लावून देता का?"

तापी लावून द्यायची. लावायला जरा वेळ लागायचा. तेवढ्यात यावलला पाऊस कसा आहे, जेवण झालं का, असं बोलणं व्हायचं.

एकदा मी म्हटलं, "तापी, हा बग मोठा दिसतोय. लॉग बघूया का?"

ती म्हणाली, "बघून झालाय."

पुढच्या वेळी फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. ती शांतपणे म्हणाली, "मयूर, कोणता कान कोणी काढला, त्याची नोंद राहते. दर वेळी तुमच्या लॉगिनने निघालेला आहे."

पलीकडे बिचारा मेलाच असणार!

"तेव्हा आता कान काढू नका. सरळ फोन करत जा."

*

लग्न ठरलं! सरांनी पुन्हा जिलेबी आणली, या वेळी खऱ्या कारणासाठी. नाना तर इतके खूश, की ज्याला त्याला सांगत होते, "सून नही, आख्खं कंट्रोल पॅनल ली येऊ ऱ्हायनू!"

आणि मग साखरपुड्यात मयूरच्या आईने, माईंनी, हौसेने स्टीलचे डबे दाखवले. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं: स्वरा.

माईंच्या घरात नव्या सुनेचं नाव बदलायची पद्धत. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं. माई मनाने फार चांगल्या, पण त्यांना यात काही वावगं वाटतच नव्हतं. त्यांचं स्वतःचं माहेरचं नाव पूर्णा, लग्नात झालं सुमन. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी तापी ऑफिसात येऊन बसली. मग म्हणाली, "मी धुळ्याला जाईन, पहाटे उठेन, म्हणतील त्या भाज्या शिकेन. पण बाबा बागेच्या त्या टोकावरून तापी म्हणून हाक मारतात, तेव्हा मी वळते. स्वरा म्हटल्यावर कोण वळणार?"

मला फार वाईट वाटलं. सरांनासुद्धा. मयूरला विचारलं तर तो म्हणाला, "मलाही नकोय हो. पण माईला कोण सांगणार?" कान काढायला हिंमत होती, तोंड उघडायला नव्हती!

*

लग्न यावलला झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला लक्ष्मीपूजन. आम्ही ऑफिसवाले तापीकडून पाठराखणीला गेलो होतो. हॉल भरलेला. मधे पाट, पाटापुढे ताट, ताटात पसरलेले तांदूळ. भिंतीला ते स्टीलचे डबे ओळीने मांडलेले. तापीचे बाबा मुलीला पोचवायला आलेले, ते दाराशीच उभे होते. आत या म्हटलं तरी येईनात.

गुरुजी म्हणाले, "हं, लिहा नवं नाव."

मयूरने अंगठी उचलली.  आणि तापी, डोक्यावर पदर, कपाळाला मुंडावळ्या, मान वर करून अगदी सपोर्टच्या फोनवर बोलते त्या आवाजात म्हणाली, "नाना, एक मिनिट. नाव बदलायचंय. या नावावर कोणाकोणाचे कान लागलेत, ते आधी बघता का?"



नानांनी आधी तिच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या व्याह्यांकडे बघितलं, ते बघतच राहिले. आणि एवढ्या मोठ्याने ओरडले, की गुरुजींच्या हातातली पळी पडली.

"थांब रे मयूर! नाव नको बदलू! बठ्ठा कान तुटी जातीन!"

गुरुजी म्हणाले, "कोणाचे कान?" 

माई उठल्या. रागावल्या नव्हत्या, नुसत्या गोंधळल्या होत्या. "अहो, असं काय करतस? डबासवर नाव टाकेल शे! आनि मन्हं बी बदलं व्हतं ना? काय बिघडनं? जुनं नाव ते मले आते याद बी नही."

 माई मान हलवत आत गेल्या, दिव्यात तेल संपत आलं होतं ते आणायला. स्वयंपाकघरात पोचल्या असतील नसतील, तेवढ्यात नानांनी पाठीमागून, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात हाक मारली.

"पूर्णा!"

"ओ!" आतून लगेच आवाज आला.

मग बराच वेळ आतून काहीच आवाज नाही.  माई बाहेर आल्या, तेव्हा हातात तेलाची बुधली तशीच होती आणि डोळे ओले. त्या पाटाशी बसल्या, तांदूळ तळहाताने पुन्हा एकसारखे केले आणि मयूरकडे न बघता म्हणाल्या,

"लिख रे. शे तेच लिख. डबा आपन बदली आनू."