वरच्या गटातली चिठ्ठी

नातीला त्या शाळेत प्रवेश का मिळाला नाही, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. चिठ्ठी लागली नाही, नशीब, असं मुलगा सांगतो, सून सांगते, मीही सांगत आलो. माझी अब्रू राहावी म्हणून ती दोघं खोटं बोलतात. आता पुरे झालं. नशिबाचा त्यात संबंध नव्हता. ती शाळा मी घालवली, नातीला मारून घालवली.

मी तेव्हा जर्मनीत बॉनला मुलाकडे राहायला आलो होतो. नात चौथीत होती. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. हुशार मानली गेलेली गिमनाझियमला जातात, बाकीची दुसरीकडे. नातीला मात्र एकच शाळा हवी होती, सगळ्या तऱ्हेची मुलं एकत्र शिकतात अशी सरकारी शाळा. तिथे सुतारकामाची कार्यशाळा होती. शाळा बघायला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी तिच्या हाती रंधा दिला, आणि तिनं एक फळी गुळगुळीत केली. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती दुसरं काही बोलत नव्हती.

जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून शाळा चिठ्ठ्या काढायची. आधी चौथीच्या सहामाही मार्कांवरून मुलांचे दोन गट करायचे, वरचा आणि खालचा, आणि दोन्हींतून सारख्याच संख्येनं मुलं घ्यायची, म्हणजे वर्ग मिसळलेला राहतो. वरच्या गटात झुंबड असते, खालच्यातली जवळजवळ सगळी लागतात, असं सून जेवताना समजावत होती. नात खालच्या गटात होती, पण काठावर.

"आहे तशी राहू द्या तिला, बाबा," सून म्हणाली. "आहे तशीच ती खालच्या गटात बसतेय."

मला वाटलं, आळशीपणाला किती छान नाव दिलंय. मुलाला मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसवलं होतं, पट्टीनं फोडून काढून यादीत आणलं होतं. चिठ्ठ्या लोकांना दाखवायला, आत बसलेले शेवटी मार्कच बघतात, याविषयी मला शंका नव्हती. सहामाही निकालाआधी पोरीला वर ओढायचं मी ठरवलं आणि कुणाला बोललो नाही.

दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो. दाराशी बूट चढवायचा लांब लोखंडी चमचा टांगलेला असे. पहिल्यांदा तो मी टेबलावर आपटला. मग तिच्या बोटांवर. बोटांवरचे वळ दिसतात म्हणून पोटऱ्यांवर, कारण हिवाळ्यात पाय झाकलेले असतात. भागाकार चुकला की एक फटका, रडली की आणखी एक. एकदा ती टेबलाखाली शिरली. मी तिला वेणी धरून बाहेर ओढलं. आणि एकदा फटका चुकवायला ती मागे सरली ती खोली गरम ठेवणाऱ्या हायट्सुंगच्या कडेवर आदळली. भुवई फुटली. रक्त वहीवर, फरशीवर, माझ्या सदऱ्यावर. जखमेवर रुमाल दाबून मी तिला म्हणालो, "आईला सांग, खुर्चीवरून पडले."

तिनं तसंच सांगितलं. टाके पडले. ते निघायच्या आत मी पुन्हा वही उघडली होती.

मार्क वाढले. मी स्वतः शिरा केला. निकाल पाहून सून म्हणाली, आता हिची चिठ्ठी झुंबडीत. पोर वरच्या गटात गेली होती. मी म्हणालो, मग उत्तमच की.

शाळेचा नकार आला त्या दिवशी शनिवार होता, सगळे घरी होते. तळमजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीला, जिचे मार्क हिच्या आधीच्या मार्कांइतके होते, प्रवेश मिळाला होता. नात रडली नाही. दाराशी गेली, तो चमचा काढला आणि स्वतःच्या पोटऱ्यांवर मारायला लागली. मी मारायचो तिथेच, मी मारायचो तसेच, प्रत्येक फटक्याआधी जरा थांबून.

मुलाला काही सांगावं लागलं नाही. तसाच मार त्यानं लहानपणी खाल्ला होता. सुनेनं चमचा हिसकावून घेतला, आणि त्यानं माझी गचांडी धरून मला बुटांच्या कपाटावर आदळलं. चष्मा गेला. पहिल्या थोबाडीत ओठ फाटला, दुसरीत कानात शिटी वाजायला लागली.

"मला वाटायचं, माझ्यावरच संपलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तिसऱ्यांदा हात उचलला.

नात त्याच्या दंडाला लोंबकळली. "पापा, ह्योर आउफ."

तो तिथल्या तिथे थांबला. सबंध हिवाळाभर ती मलाही तेच म्हणत होती. मला जर्मन येत नाही, असं मी घरात सांगत असे. थांब, एवढाच त्याचा अर्थ. मला तो पहिल्या दुपारपासून कळत होता.