लाल दोऱ्याचा कोंबडा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही: शेजारच्या आक्कानं देवीला बोललेला कोंबडा मी खाल्ला. रश्श्यातून, ज्वारीच्या भाकरीबरोबर, आणि वर आणखी एक वाटी मागून घेऊन.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की हाक मला. घरामागं मोकळी जागा, तिथं कोंबड्या. कोंबड्यांचं कौतुक सगळ्यांना असतं, अंडी देतात. प्रश्न असतो तरण्या नरांचा. एका खेपेला निघालेल्या पिल्लांत पाच नर निघाले. गळा फुटला तसे पाचही जण दिवसभर आरवायला लागले आणि तलंगांच्या, म्हणजे कोवळ्या माद्यांच्या मागं लागून एकमेकांची डोकी फोडायला लागले. तेव्हा मी भिंतीच्या पलीकडं भंगारातली जाळी आणि मोडक्या मागाची लाकडं लावून त्यांना वेगळं खुराडं केलं. आडव्या दांड्या बसायला, दाण्याची भांडी दोन, म्हणजे दांडगा एकावर बसला तरी दुसरे उपाशी राहत नाहीत. गुपित एवढंच की तिथून कोंबडी दिसता कामा नये. कोंबडी नजरेआड झाली की हे सगळे गुण्यागोविंदानं राहतात. बायको त्याला बॉईज होस्टेल म्हणायची.

आक्का आमच्याच कारखान्यात शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा मारते. मूळची अक्कलकोटकडची, म्हणून मला 'तम्मा' म्हणते, कानडीत धाकटा भाऊ. तिची नात वेळेआधी जन्मलेली, दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. पोरगी चालली की घरचा, हातावर वाढवलेला कोंबडा देईन, असं आक्का देवीला बोलली होती. पण तिच्याकडचा म्हातारा कोंबडा नवसाच्या त्या तरण्याला जगू देईना. एक दिवस ती त्याला पदरात गुंडाळून घेऊन आली. तुरा रक्तानं माखलेला.

"तम्मा, तुझ्या होस्टेलात एक जागा हाय का?"

"हाय की. पण फी लागंल."

"अंडी देते की. तो न्हाय, मी."

दिसायला सहाही एकसारखे तांबडे. म्हणून कारखान्यातलं वाया गेलेलं सूत आणून आक्काच्या कोंबड्याच्या पायात लाल दोरा बांधला, माझ्या पाचांच्या पायांत हिरवा. आक्का रोज कामावर जाताना यायची, तळहातावर बाजरी धरायची, आणि तो तेवढा एकटा येऊन खायचा. माझे पाचजण मात्र माणूस दिसलं की कोपऱ्यात.

वाढत्या कोंबड्याचे पाय जाड होतात आणि दोरा रुततो. एका रविवारी सकाळी मी सगळ्यांचे दोरे कापले. नवे बांधायचे म्हणून सूत आणायला घरात गेलो, तर दारात मोटरसायकल. वैरागहून मेव्हणा आलेला, न कळवता.

"दाजी, तुमी कोंबड्या पाळता का त्याच तुमाला पाळत्यात? एक तरी खायला घाला की."

बायकोनं तोवर वाटण काढलं होतं. मी सूत खिशात घालून खुराड्यात शिरलो. पाच जण कोपऱ्यात पळाले. एक पळाला नाही. तो माझ्या पायाशी आला आणि तळहाताकडं बघायला लागला. मी त्याला उचललं.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की घाईत चूक झाली. आज खरं लिहितो. उचलला तेव्हाच माझ्या मनात आलं, हा आक्काचा. पण मेव्हणा मागं उभा राहून हसत होता आणि बाकीच्यांच्या मागं धावायचा मला कंटाळा आला. असेल दुसराच, असं म्हणून मी बाहेर आलो.

दुपारी जेवून माझ्या एका कोंबड्याच्या पायात लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी आक्कानं बाजरी धरली.

"ह्यो मागं सरतोय की रं."

"तरणा झाला आक्का. आता त्याला आई नको."

"व्हय, आमचा पोरगा बी तसलाच," म्हणाली आणि हसली.

महिन्याभरात नात चालली. आक्कानं वाजतगाजत तो कोंबडा देवीला दिला. जेवणाचं बोलावणं मला पहिलं. तिथंही मी दोन वाट्या रस्सा प्यालो.

मग पावसाळ्यात नात कट्ट्यावरून पडली. कोपर मोडलं, प्लास्टर घातलं, महिन्यात हात बरा झाला. आज ती माझ्या कोंबड्यांच्या मागं पळत असते. पोरं पडतातच. पण आक्कानं त्या दिवशी चपला सोडल्या.

"नवसात माज्या हातनं कायतरी कमी पडलंय, तम्मा. कुटं चुकलं ते कळंस्तवर पायात काय घालणार न्हाय."

त्याला दोन उन्हाळे झाले. सोलापूरचा एप्रिल, दुपारी डांबर मऊ पडतं, आणि सुटी झाली की आक्का रस्त्याच्या कडेच्या मातीतून, जिथं माती नसेल तिथं भराभर, घरी येते. मी बाईकवरून जातो. मागं बस म्हणतो. कधी बसते, कधी म्हणते, "चालूदे. कळंल कवातरी."

कुठं चुकलं ते फक्त मला माहीत आहे.

या खेपेच्या पिल्लांतल्या एका नराला मी तळहातावर बाजरी चारतो आहे. येतो तो जवळ. पण तो देऊन भागणार नाही, कारण कोंबडा देवीचा राहिलाय आणि आक्काचं राहिलंय ते वेगळंच. तिच्या दारात उभं राहून सांगायचं आहे की तुझ्या हातून काही कमी पडलं नाही, तुझा कोंबडा मी ओळखून कापला, चपला घाल. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.