बारा लेथ, नंबर नाही

सातपूरच्या एका बुडीत कारखान्याच्या पंचनाम्यात मी 'जुन्या वापरत्या लेथ मशिन, नग बारा' असे लिहिले आणि एकाही मशिनवर कोरलेला नंबर लिहिला नाही. नव्वदच्या दशकातली ती चूक आजही झोपेतून उठवते. आम्ही पोलीस म्हणजे सोन्याच्या अंगठीलाही 'पिवळ्या धातूची' म्हणणारे लोक. जपून लिहायची सवय इतकी, की नीट बघायचे राहून जाते.

कारखाना हायकोर्टाने लिक्विडेटरच्या, म्हणजे बुडीत कंपनी विकून देणी भागवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ताब्यात दिला होता. या मशिनींच्या लिलावातूनच कामगारांची थकलेली देणी भागायची होती. शटरला लाखेचे सील ठोकून मी निश्चिंत झालो.

वर्षभराने तिथला वॉचमन दुपारी धापा टाकत ठाण्यात आला. कामगारांच्या वकिलाने सील तोडलंय, आत शिरलाय, म्हणाला. मी जीप काढली. वकीलसाहेब खरोखरच आत होते; गुडघे टेकून, टॉर्च लावून एका मशिनच्या बुडाशी वाकलेले. मी त्यांना उचलून आणले.

साठीचे गृहस्थ. उभी हयात कंपनी कायद्यात गेलेली. बार रूममध्ये त्यांना 'कंपन्यांचं तेरावं घालणारे' म्हणत. दोन तास मी दरडावून विचारत होतो, काय चोरायला गेला होतात? ते शांतपणे चहा पीत होते. शेवटी म्हणाले, "तुमचा पंचनामा वाचून दाखवा."

मी ऐटीत वाचला.

"नंबर?"

मी पान उलटून मागची बाजू पाहिली.

त्यांनी खिशातून दोन कागद काढले. पहिला, तपासणीची परवानगी. सील लिक्विडेटरच्या माणसानेच काढले होते आणि तो जेवायला गेला होता. मी परवानगीचा कागद दाखवा म्हटलेच नव्हते. दुसरा, बँकेकडे गहाण ठेवलेल्या मशिनींची यादी. आतल्या एकाही मशिनचा नंबर तिच्याशी जुळत नव्हता. बाराच्या बारा भंगारातल्या.

"तुमच्याकडेच यायला निघणार होतो," ते म्हणाले. "तुम्ही जीप आणलीत, रिक्षाचे पैसे वाचले."

वॉचमनला बोलावले. निर्दोष माणूस आधी विचारतो, कशाला बोलावलं? हा आल्या आल्या म्हणाला, "साहेब, मागचे पत्रे मी नाय खोलले." पत्र्यांचे नाव कुणी काढलेच नव्हते. पुढे फार विचारावे लागले नाही. वकील मशिनींचे नंबर बघू लागले म्हणूनच तो माझ्याकडे धावत आला होता. मालकाच्या माणसांनी मागच्या भिंतीचे पत्रे उतरवून मशिनी नेल्या, तेवढ्याच भंगार मशिनी आत ठेवल्या आणि पत्रे परत बसवले. माझे सील शाबूत.

मशिनी मालेगावजवळच्या एका शेडमध्ये सापडल्या. शेजारी कापडाच्या लूमचा खडखडाट. लेथचा आवाज कुणाला ऐकू जाणार? ओळख पटवायला वकिलांनी त्या लेथ चालवणाऱ्या एका जुन्या टर्नरला आणले. कारखाना बंद पडल्यापासून तो मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलत होता. एका मशिनच्या हँडलचा सांधा त्याने अंगठ्याने चाचपला. ते हँडल त्याने स्वतः वेल्ड केले होते.

गुन्हेगाराला कुलुपाची भीती नसते. आपली वस्तू अचूक ओळखणाऱ्या माणसाची असते. हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवले नव्हते.

मी नवा पंचनामा लिहायला घेतला, नंबर शोधायला वाकलो. टर्नरने माझ्या हातून टॉर्च काढून घेतली.

"तुम्ही नुसतं लिहा, साहेब. बघायचं काम तुमच्याकडं दिलं होतं, म्हणून तर मालेगावला यावं लागलं."