साडभाऊ सुनावणीत उभे राहतात

यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला जेवढी म्हणून भीती आली असेल, तिच्यातली निम्मी आमच्या थोरल्या साडभाऊंनी एकट्याने उचलली आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे हे मत मी घरात बोलून दाखवत नाही. साडभाऊ कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होते. बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, मूठभर कापूस उपसायचा, पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, आणि हा चांगला, हा किडका म्हणजे कवडी, हा ओला, असं सांगून मोकळं व्हायचं, एवढंच काम. पण कापसाचं सगळंच बिनसलेल्या त्या वर्षांत बंड्यांची रांग पार वणीच्या रस्त्याला लागायची. लोक चार-चार दिवस बंडीखाली झोपायचे, आणि नंबर आला की साडभाऊ म्हणायचे, "ओला आहे, वापस न्या." एका हंगामात लोकांनी त्यांना वजनकाट्याच्या खोलीत कोंडलं. मारलं कोणीच नाही. दुपारभर बाहेर नुसती माणसं उभी होती, काही न बोलता. साडभाऊ म्हणतात, मारलं असतं तर निदान संपलं तरी असतं.

त्यानंतर त्यांनी मिशी काढली. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात. साडभाऊंनी तो पावसाळ्यात आणि थंडीतही सोडला नाही, त्यामुळे झालं असं की अख्खं गाव त्यांना दुपट्ट्यावरूनच ओळखू लागलं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं येतात म्हणून त्यांच्या घरी भाजी कायम शिळी. लग्नपत्रिका आली की नवरानवरीची नावं राहतात बाजूला, आधी वऱ्हाड कोणत्या गावचं ते पाहायचं. जास्त बंड्या वापस गेल्या त्या मारेगावकडच्या, त्यामुळे वऱ्हाड तिकडचं निघालं की साडभाऊ आहेर माझ्या हाती पाठवतात. एकदा पंगतीत एक वाढपी त्यांना म्हणाला, "थांबा बाप्पा, तुमाले कुठंतरी पाह्यलं मी." साडभाऊ भरल्या ताटावरून उठले आणि मागच्या भिंतीवरून गेले. तो बिचारा त्यांच्याकडे गॅसचं सिलिंडर आणून देणारा होता.

ते घाबरत नाहीत फक्त जंगलात. गावाला लागून साग-पळसाची टेकडी आहे, तिथे ते रोज सकाळी जातात, दुपट्टा काढून खांद्यावर टाकतात आणि छाती भरून श्वास घेतात. तिथे बिबट्या दिसल्याची बोलवा उठली तेव्हा मी त्यांना हात जोडले. तर म्हणाले, "कायले भेता मास्तर? बिबट्याची बंडी मी कधी वापस पाठवली नाही."

आणि मग त्याच टेकडीचं वनोद्यान करायचं ठरलं. त्यासाठी लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकायला समाजमंदिरात सुनावणी लागली. सकाळी फिरणाऱ्यांना सिमेंटचा रस्ता हवा होता, पोरांना क्रिकेटचं मैदान, आणि एका पुढाऱ्याला कारंजं. टेकडीवर पाणी कुठून येणार हे त्यालाही माहीत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की पायथ्याच्या वस्तीतल्या बायांच्या बकऱ्या बंद करा आणि त्यांचं गवत कापणंही बंद करा, कारण त्या रोपं संपवतात. बाया मागे भिंतीपाशी बसल्या होत्या. त्यांचं पोट त्या बकऱ्यांवर होतं, पण त्यांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

साडभाऊंनी आदल्या दिवशीच माझ्या हातात कागद कोंबला होता. "तुमी वाचा. मास्तरले कोणी मारत नाही." मी वाचलं. बकऱ्या पायथ्याच्या नाल्यातच चरतात, रोपं मोडतात ती संध्याकाळी चढणीवर फिरणाऱ्या मोटारसायकली, आणि मागच्या उन्हाळ्यातला वणवा बायांनी गवत कापलेल्या पट्ट्याशी येऊन विझला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा वर केला. "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

मी टेकडीवर एकदाच गेलो होतो, तेही सहलीच्या पोरांना मोजायला. "नाही," मी म्हणालो. "मग हे धरता येणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद घेतला.

तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची वाजली. साडभाऊ उभे होते.

"मी पाह्यलं."

"नाव आणि व्यवसाय सांगा."

त्यांनी दुपट्टा सोडला. नाव सांगितलं. मग माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "ग्रेडर. कापूस केंद्र." सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. तिथल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी त्या रांगेत रात्री काढल्या होत्या. मी दाराकडे पाहिलं, दारात चार जण उभे होते. खरं सांगतो, त्या क्षणी मी साडभाऊंचा विचार केला नाही, खिडकीला गज आहेत का ते पाहिलं.

मागून एक म्हातारी उठली. वस्तीतली, रोज बकऱ्या घेऊन टेकडीवर जाणारी. "मी वळखलं यायले," ती म्हणाली. "आमची बंडी यायनंच वापस पाठवली होती. ओली म्हनून." कोणीतरी पुढे सरकलं. मग ती म्हणाली, "पन गवताचं जे सांगून राह्यले, ते खरं हाये. बोलू द्या त्यायले."

साडभाऊ बोलले. चढण कुठली, पट्टा कुठला, सगळं सांगितलं. महिन्याभराने आराखडा लागला. नाल्याकडची बाजू बायांकडे राहिली, मोटारसायकली बंद झाल्या. कारंजं बारगळलं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही चालत घरी निघालो. मला वाटलं, सुटला माणूस एकदाचा. मी कौतुकाने काहीबाही बोलत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. मध्येच रस्त्यात उभे राहिले.

"मास्तर, तिची बंडी खरंच ओली होती काय हो?"

"असेल," मी म्हणालो. "तुम्हीच तर पाहिली."

"तेच आठवून नाही राह्यलं. त्या दिवसात मी किती बंड्या वापस पाठवल्या. संध्याकाळ होऊन जाये, हात थकून जायेत. सगळ्याच ओल्या असतील काय?"

"मग तिलाच विचारा ना. रोज तर भेटते टेकडीवर."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काट्याच्या खोलीतही त्यांचा चेहरा असा झाला नसेल.

"आन् तिनं सांगितलं तर?"

या गोष्टीला चार पावसाळे झाले. रोज सकाळी दोघं टेकडीवर एकमेकांना रामराम करतात. साडभाऊंनी अजून विचारलेलं नाही.