सर्व्हरला ताप आला

मने, फोन जरा कानाशी धर, रागवायचंय तुला. गेल्या खेपेला, घरच्या सगळ्या फोटोंची एक प्रत इथेही राहावी म्हणून, तू तो सर्व्हर माझ्या टीव्हीशेजारी मांडून गेलीस. धूळ नको म्हणून मी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. तासाभरात तुझा फोन आला. "आई, काय झाकलंयस त्यावर? तापलाय तो." इतक्या लांबून कळलं तुला. मी रुमाल काढला, हिरवा दिवा लुकलुकताना बघत बसले. आत तुझे बाबा आहेत, हसतानाचे. त्या दिवशी माझंही अंग कसकसत होतं. यंत्र तापलं की आपणहून कळवतं. माणसाला कुणी विचारल्याशिवाय सांगवत नाही, या वयात तर नाहीच. तू विचारलं नाहीस गं. लवकर ये, आणि आल्याआल्या माझ्या कपाळाला हात लावून बघ.