अण्णांच्या भातावरची धार

तार आली तेव्हा मी लोणी कढवत होते, अण्णांसाठीच. माझे थोरले भाऊ, तुळजापूरच्या शाळेतले मास्तर, गेले असं त्या कागदावर होतं आणि मी वेड्यासारखी लोणी करपेपर्यंत ढवळत राहिले… महिना होऊन गेला. अजून दुपारी डोळा लागला की एस.टी. धुळीतून चाललीय, मांडीवर डबा आहे, आणि अण्णा दारात उभे आहेत असं दिसतं. जागी झाले की क्षणभर कळत नाही, आपण भूमला घरी आहोत की तिथं.

अण्णांना मधुमेह निघाला, घरातली साखर न् गूळ बंद झाला. मग मी प्रत्येक खेपेला तूप न्यायला लागले. गोड नाही तर नाही, तूप तरी पोटात जाऊ दे! भावाची हाडं वर आलेली बघवतात होय कुणाला? ते जेवायला बसत, खिडकीतून डोंगर उन्हात विरघळल्यागत दिसत, आणि मी भातावर धार धरी. "शके, पुरे की गं," एवढंच म्हणत. हात काही आडवा धरत नसत. दर खेपेला ते आणखी वाळलेले दिसत, आणि मी पुढच्या खेपेला डबा मोठा नेई. लई शहाणी ना मी!

तेराव्यानंतर वहिनींनी मला आत बोलावून सांगितलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच निदान केलं होतं. पोटातली जी ग्रंथी रक्तातली साखर आवरते, तीच अन्न पचवायचा रसही करते. अण्णांचं दोन्ही आटलं होतं. तूप तर अंगी लागतच नव्हतं, तसंच बाहेर पडायचं. त्या रसाऐवजी जेवणाबरोबर घ्यायची पूड मुंबईहून यायची, आली तर आली. मी परत गेले की दोन-दोन दिवस अण्णा पोट धरून परसाकडं खेपा घालत.

"अहो, मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

"मी सांगणार होते, वन्सं. त्यांनी शपथ घातली." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "म्हणाले, तिला कळलं तर रिकाम्या हातानं यायची लाज वाटेल तिला… मग ती यायचीच नाही."

अण्णा, आले असते हो मी. नुसती तुमच्याजवळ बसायला आले असते.